मुठीवरचा ससाणा

ससाणा माणसावर प्रेम करीत नाही. ससाणा पाळणारा प्रत्येक जण ही गोष्ट पहिल्याच हिवाळ्यात शिकतो, आणि ती शिकूनही जो दुसऱ्या हिवाळ्यात हातमोजा चढवतो त्यालाच बाजदार म्हणावे. कुत्रा धन्याची पावले ओळखून शेपूट हालवतो, गाय हंबरते, पोपटही पाळणाऱ्याची नक्कल करून त्याला रिझवतो. ससाणा यांतले काहीच करीत नाही. तो मुठीवर येतो, कारण मुठीवर मांसाचा तुकडा असतो आणि मूठ ही धोक्याची जागा नाही एवढे त्याला अनुभवाने पटलेले असते. तरीही शतकानुशतके माणसे या पक्ष्यासाठी झोप मोडीत आली, थंडीत तासन् तास उभी राहिली, आणि आपल्या मायेला उत्तर मिळणार नाही हे ठाऊक असूनही त्याच्या एकेका पिसाची काळजी वाहत आली.

परतफेडीची आशा न धरता केलेली आणखी एक सेवा आपल्या अधिक परिचयाची आहे. ती म्हणजे बरे न होणाऱ्या आजाऱ्याची. या दोन्ही सेवा एकाच घरात, एकाच माणसाच्या वाट्याला आल्या तर त्याने काय करावे, हा प्रश्न मला काही काळापासून सतावतो आहे. प्रथमदर्शनी तो सोपा वाटतो. पत्नी आजारी असताना कसला ससाणा नि कसली शिकार, असे कोणीही म्हणेल. परंतु सोपी उत्तरे देणाऱ्यांनी आजाऱ्याच्या खोलीत रात्र काढलेली असतेच असे नाही.

असे एक घर आपण डोळ्यांपुढे आणू. अमेरिकेच्या ईशान्येकडील, न्यू इंग्लंडमधले एखादे खेडे. डिसेंबरात तिथे दुपारी साडेचारच्या सुमारास अंधारून येते. घरात साठी ओलांडलेले जोडपे. मुले दूरच्या शहरांत. पत्नीला दहा वर्षांपासून कंपवात आहे, म्हणजे डॉक्टर ज्याला पार्किन्सनचा आजार म्हणतात तो. पती निवृत्त झालेला, आणि तरुणपणापासून ससाणे पाळणारा. घरामागच्या लाकडी खोलीत लाल शेपटीच्या ससाण्याची एक मादी आहे. तिची शेपटी अजून तपकिरी आहे. ती पुढच्या वर्षी तांबडी होईल. ही माणसे मी कल्पिलेली आहेत. त्यांच्या दिवसातली कामे मात्र कल्पिलेली नाहीत.

त्या देशात ससाणा पाळणे हा कोणीही उठून करावा असा छंद नव्हे. लेखी परीक्षेत शंभरांपैकी ऐंशी गुण मिळवावे लागतात, पक्ष्याच्या खोलीची तपासणी होते, आणि अनुभवी बाजदाराच्या देखरेखीखाली निदान दोन वर्षे उमेदवारी करावी लागते. आमच्या सेमिनरीतील दिवसांची आठवण व्हावी असाच हा प्रकार! पक्षी बहुधा शरद ऋतूत रानातून धरतात. त्यासाठी जाळीचा एक लहान पिंजरा वापरतात. आत जिवंत उंदीर आणि वर बारीक फासे. या सापळ्याला अमेरिकन बाजदार ‘बाल-छत्री’ म्हणतात. शब्द आपल्याकडचाच. आपल्या देशातील पारधी घोड्याच्या केसांचे फासे करीत, ती विद्या आणि तिचे नाव दोन्ही समुद्रापार गेली. आपल्याकडे मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ही विद्या जवळजवळ लोपली, आणि शिक्रा व बहिरी ससाणा ही नावे पक्षिनिरीक्षकांच्या वह्यांत तेवढी उरली. ते योग्यच झाले असे माझे मत आहे. पण तो विषय निराळा.

आता त्या घरातला दिवस पाहा. पहाटे बाजदार प्रथम पक्ष्याच्या खोलीत जातो आणि जमिनीवर काही शोधतो. आदल्या दिवशी खाल्लेल्या सावजाचे केस, पिसे आणि न पचलेला भाग यांची एक गोळी ससाणा ओकून टाकतो. ती गोळी दिसल्यावाचून त्याला पुढचे अन्न द्यायचे नाही. मग तो पक्ष्याला काट्यावर बसवतो. वजनाची नोंद ग्रॅममध्ये, रोज, वहीत. लाल शेपटीच्या मादीचे वजन साधारणपणे एक ते दीड किलोच्या दरम्यान असते. पण प्रत्येक पक्ष्याचे उडण्याचे म्हणून एक ठरावीक वजन असते आणि ते बाजदाराला अनुभवानेच सापडते. त्याहून तीसचाळीस ग्रॅम जास्त भरले, तर पोट भरलेला पक्षी झाडाच्या शेंड्यावर बसून खाली शिट्ट्या मारणाऱ्या धन्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. फार कमी भरले, तर त्याच्या अंगात त्राण राहणार नाही. त्यातून थंडी वाढली की पक्षी नुसते अंग ऊबदार ठेवण्यातच अन्न जाळतो; काल पुरले तेवढे आज पुरत नाही. म्हणून थर्मामीटर पाहून, वारा पाहून, हाताने छातीचे हाड चाचपून ठरवावे लागते.

हे आटोपून तो घरात येतो, आणि तिथेही वहीच वाट पाहत असते. पत्नीच्या गोळ्या दिवसातून पाचसहा वेळा, घड्याळाच्या काट्यावर. अर्धा तास उशीर झाला तर हातपाय लाकडासारखे होतात. गोळीच्या वेळी प्रथिनांचे जेवण पोटात असेल, तर औषध नीट शोषले जात नाही. म्हणून मांस, अंडी, दूध यांच्या वेळा जपाव्या लागतात. एकाच स्वयंपाकघरात एका जीवासाठी मांस ग्रॅमवर तोलले जाते आणि दुसऱ्यासाठी घड्याळावर. न्हाणीघराच्या दाराशी फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या आहेत. कंपवाताच्या माणसाची पावले उंबऱ्यापाशी एकाएकी थिजतात, जणू जमिनीला खिळतात. समोर ओलांडण्यासारखी रेघ दिसली की पुष्कळदा तेच पाऊल सहज उचलले जाते. असे का होते हे डॉक्टर सांगतील. पण एका अडलेल्या पावलासाठी गुडघ्यांवर बसून जमिनीवर रेघा आखणारा नवरा ज्याने पाहिला, त्याला विवाहाच्या वचनावर वेगळे प्रवचन ऐकण्याची गरज नाही.

या आजाराचे एक लक्षण विशेष क्रूर आहे. चेहऱ्याचे स्नायू ताठरतात आणि चेहरा मुखवट्यासारखा होतो. आत आनंद असतो, पण तो ओठांपर्यंत पोहोचत नाही. आवाज खोल जातो. चाळीस वर्षे जिच्या हसण्याच्या आधाराने संसार केला ती समोर बसून आपल्याकडे पाहते आहे, आणि तिला बरे वाटते की वाईट हे कळत नाही. पुष्कळ माणसे इथेच खचतात. प्रेम आटले असे त्यांना वाटते; वास्तविक आटलेले असतात ते स्नायू. आणि इथे, माझ्या मते, त्या बाजदाराला इतरांपेक्षा एक गोष्ट अधिक येते. न हसणारा चेहरा वाचण्यात त्याचे आयुष्य गेले आहे. ससाण्याच्या चेहऱ्यावर कधीच काही उमटत नाही. त्याचे मन पिसांत वाचायचे असते. पिसे अंगाला घट्ट चिकटलेली असली तर भीती. एक पाय पोटाखाली ओढून घेतला तर निश्चिंती. सर्व पिसे फुलवून एकदम अंग झटकले, तर आता सारे ठीक आहे. अशा माणसाला पत्नीच्या खांद्याची ढिलाई, चमचा धरण्याची पद्धत, श्वासाची लय, पापण्यांची उघडझाप यांतून ती काय म्हणते ते वाचता यावे यात नवल नाही.

दुपारी दोनच्या सुमारास शेजारीण येऊन बसते आणि तो बाहेर पडतो. बर्फ, काटेरी झुडपे, ओढ्याकाठचे ओसाड रान. तो पक्ष्याच्या पायातल्या वाद्या मोकळ्या करतो आणि मूठ उंचावतो. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये अशी आपली म्हण आहे. बाजदाराचा व्यवहारच मुळी हातचे सोडण्याचा. रोज दुपारी तो पूर्ण मोकळा पक्षी आकाशाला देऊन टाकतो. पायाला बांधलेले बारीक रेडिओयंत्र पक्षी कुठे आहे ते सांगेल, पण परत आणणार नाही. पक्षी झाडावरून झाडावर त्याच्या पुढे-मागे सरकतो, तो काठीने झुडपे झोडपीत चालतो, एखादा ससा उठतो, आणि मग जे घडते ते काही क्षणांतच घडते. बहुतेक दिवशी ससा बिळात शिरतो. मग शीळ, वर धरलेली मूठ, मांसाचा तुकडा आणि पाठीमागून येणारी घुंगरांची किणकिण. दीड तासात तो घरी येतो.

हा दीड तास त्याचा आहे काय? प्रश्न हाच आहे.

नाही, असे म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. वेदीसमोर त्याने सुखात आणि दुःखात, आरोग्यात आणि आजारपणात साथ देण्याचे वचन दिले. त्या वचनात दुपारची सुट्टी लिहिलेली नव्हती. शिवाय ज्या आजारात केव्हाही पडण्याची, ठसका लागण्याची भीती असते तिथे दीड तास हा फार मोठा काळ आहे. इतिहासाने याचा एक कठोर दाखलाच ठेवला आहे. सम्राट दुसरा फ्रेडरिक हा तेराव्या शतकातला बाजदारांचा राजा. पक्ष्यांसह शिकार करण्याच्या कलेवर त्याने लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. पक्ष्याच्या डोळ्यांवर चढवायची टोपी त्याने अरबांपासून उचलली आणि तसे मोकळेपणाने नमूदही केले. चर्चशी त्याचे आयुष्यभर वितुष्ट होते, त्याला एकदा नव्हे तर अनेकदा बहिष्कृत करण्यात आले, तरी निरीक्षक म्हणून त्याची थोरवी नाकारता येत नाही. 1248 च्या फेब्रुवारीत त्याने पार्मा शहराला वेढा घातला होता. वेढा लांबणार म्हणून त्याने शहराबाहेर लाकडी नगरच वसवले आणि त्याला विजयाचे नाव दिले. हिवाळ्यातल्या एका दिवशी तो शिकारीला गेला. तेवढ्यात पार्माचे लोक बाहेर पडले. त्यांनी छावणी लुटली, जाळली, खजिना नेला. दोन वर्षांनी तो वारला, आणि पार्माचा तो पराभव अखेरपर्यंत भरून निघाला नाही. आजाऱ्याची सेवा करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात असे एक पार्मा दडलेले असते. मी बाहेर गेलो आणि नेमके तेव्हाच झाले तर? ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. कधीकधी नेमके तेव्हाच होते.

पण दुसऱ्या बाजूला आणखी एक फ्रेडरिक उभा आहे. बोकाच्चिओच्या ‘डेकामेरॉन’मध्ये फ्लॉरेन्सच्या फेडेरिगोची कथा आहे. मोन्ना जोव्हान्ना नावाच्या विवाहित स्त्रीवर त्याचे प्रेम जडले. तिला प्रसन्न करण्यासाठी त्याने सारी संपत्ती उधळली; तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही. अखेर त्याच्यापाशी एक लहानसे शेत आणि एक ससाणा एवढेच उरले, आणि तो ससाणा मात्र जगात उत्तम होता. पुढे ती विधवा झाली आणि मुलाला घेऊन जवळच्या वाडीवर राहायला आली. मुलाला तो ससाणा फार आवडे. मुलगा आजारी पडला आणि म्हणाला की तो ससाणा मिळाला तर मी बरा होईन. आई संकोचत, मागावे की न मागावे या विचारात फेडेरिगोच्या घरी जेवायला म्हणून गेली. घरात तिच्यापुढे ठेवण्यासारखे काही नव्हते. त्याने इकडे-तिकडे पाहिले, आणि ससाण्याची मान मुरगाळून, तो भाजून तिच्या ताटात वाढला. जेवण झाल्यावर तिने येण्याचे कारण सांगितले. तो रडू लागला. पिसे, पाय आणि चोच त्याने आणून दाखवली. काही दिवसांनी मुलगा वारला.

ही कथा औदार्याची म्हणून सांगितली जाते, आणि शेवटी ती बाई त्याच्या थोर मनावर लुब्ध होऊन त्याच्याशी विवाह करते हे खरे. मला मात्र दर वेळी त्या ताटाशी अडखळायला होते. त्या माणसाने आपल्याजवळची सर्वोत्तम वस्तू दिली, आणि आजाऱ्याला ती जिवंत हवी होती. त्याने विचारले नाही. तुम्ही का आला आहात, एवढा एक प्रश्न त्याने ताटे मांडण्यापूर्वी केला असता तर ससाणाही वाचला असता आणि मुलाची इच्छाही पुरी झाली असती. मुलगा वाचला असता की नाही ते देव जाणे.

आपल्या धर्मग्रामांतून मी अनेक वर्षे आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर घेऊन जात आलो आहे. खाटेवरचा माणूस एकदा पाहून होतो. खाटेजवळचा माणूस मात्र वर्षानुवर्षे नजरेत राहतो. ती बहुधा स्त्री असते, सून किंवा पत्नी. आणि बहुतेक घरांत कुठे ना कुठे मान मुरगाळलेला ससाणा सापडतो. शिवणाचे यंत्र चादरीखाली झाकून ठेवलेले. बँडमधला ट्रम्पेट माळ्यावर चढलेला. मोगऱ्याची बाग सुकलेली. भजनमंडळात पहिल्या रांगेत उभी राहणारी बाई चार वर्षे चर्चच्या पायरीवर दिसलेली नाही. हे सर्व त्यांनी प्रेमाने केले, आणि आम्ही धर्मगुरूंनी व्यासपीठावरून त्याला त्याग म्हटले. पण यांतल्या कितींनी खाटेवरच्या माणसाला विचारले होते? ट्रम्पेट वाजवणाऱ्याच्या अंथरुणाला खिळलेल्या पत्नीने मला सांगितले की संध्याकाळी तो सराव करायचा तेव्हा तिला वेळ कळत असे. आता घरात वेळच कळत नाही. त्याने आवाजाचा त्रास नको म्हणून वाजवणे सोडले होते.

न हसणाऱ्या चेहऱ्याला विचारणे कठीण असते हे मला मान्य आहे. म्हणूनच ससाण्याचा चेहरा वाचता येणाऱ्या त्या माणसाचा मला थोडा हेवा वाटतो.

आमच्या सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस यांचा प्रीतीचा अनुक्रम शिकवला जाई: कोणावर आधी प्रेम करावे, कोणावर नंतर. विद्यार्थ्यांना तो कोरडा वाटे. पण या प्रश्नावर तो उजेड पाडतो. शेजाऱ्याच्या आत्मिक कल्याणासाठी माणसाने स्वतःच्या देहाचे नुकसान सोसावे, असे ते सांगतात. मात्र दुसऱ्यासाठी स्वतःच्या आत्म्याचे नुकसान करून घेण्याचा अधिकार ते कोणालाही देत नाहीत. हे सूत्र आजाऱ्याच्या खोलीत आणून पाहा. झोप मोडणे, पाठ दुखणे, पैसा सरणे हे देहाचे नुकसान झाले. ते वचनात अध्याहृत आहे, त्याबद्दल कुरकुर नको. पण चौथ्या-पाचव्या वर्षी सेवा करणाऱ्याच्या मनात एक कडवटपणा साचू लागतो. चमचा तोच असतो, औषध वेळेवर असते, पण चमचा ओठांवर थोडा जोराने आपटतो. आजाऱ्याला ते लगेच कळते. हे नुकसान देहाचे नव्हे. ते टाळणे हा स्वतःचे लाड पुरवण्याचा भाग नसून वचन पाळण्याचाच भाग आहे.

कॅसियन यांनी वाळवंटातील तपस्व्यांचे संवाद लिहून ठेवले, त्यांत एक छोटी आख्यायिका आहे. संत योहान एका तित्तिराला हळुवार कुरवाळीत बसले असता शिकाऱ्याच्या वेषातला एक तत्त्वज्ञ तिथे आला. एवढा थोर पुरुष आणि पाखराशी खेळतो, याचे त्याला आश्चर्य वाटले. योहानाने त्याला त्याच्या हातातल्या धनुष्याबद्दल विचारले: ते सदैव ताणलेले का ठेवीत नाहीस? ताणलेलेच ठेवले तर त्याचा जोर जाईल, आणि वेळ येईल तेव्हा बाण जोराने सुटणार नाही, असे तो म्हणाला. तेच उत्तर योहानाने त्याला परत दिले. खेळामध्ये काही सद्गुण असू शकतो काय हा प्रश्न हाताळताना अक्वायनस यांनी याच धनुष्याचा आधार घेतला आहे. मला धनुष्यापेक्षा तो तित्तिर अधिक आवडतो. उपदेश करायला धनुष्य पुरते. हाताला पाखरू लागते.

तथापि प्रत्येक पाखरू निष्पाप असते असे नाही. ससाणा हा पळून जाण्याचा मार्गही होऊ शकतो, आणि याची कबुली बाजदारांनी स्वतः दिली आहे. टी. एच. व्हाइट या इंग्रज लेखकाने शिक्षकाची नोकरी सोडून 1936 मध्ये रानातल्या झोपडीत एक ससाणा शिकवायला घेतला. जुन्या पुस्तकांत वाचून तो पक्ष्याला मुठीवर घेऊन रात्रीमागून रात्री जागला, की थकून तरी पक्षी शरण येईल. ती पद्धत कधीच मागे पडली होती, हे त्याला ठाऊक नव्हते. अखेर दोरी तुटून पक्षी गेला. त्याचे 1951 चे पुस्तक वाचताना जाणवते की तो पक्ष्याशी कमी आणि स्वतःशी अधिक झगडत होता. हेलन मॅक्डोनाल्ड यांचे वडील 2007 मध्ये अकस्मात वारले. त्या दुःखात त्यांनी एक ससाणा पाळला, आणि हळूहळू स्वतःच रानटी होत गेल्या: माणसे नकोशी झाली, दार वाजले तरी उघडवेना. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी प्रांजळपणे सांगितले आहे की ससाण्याच्या मागे रानात जाऊन शोकापासून सुटका होत नाही, आणि माणसाचा हात अखेर माणसाच्या हातासाठी आहे.

मग आपल्या बाजदाराचा दीड तास यांतला कोणता? माझ्या मते तो घरात परतल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत कळतो. जो पळून गेलेला असतो तो परतताना चोरासारखा येतो. गप्प असतो, किंवा लागलीच शेजारणीला कामाच्या सूचना देऊ लागतो. दुसरा असतो तो बूट काढता काढता बोलू लागतो. ओढा आज अर्धा गोठला होता. ससा तिसऱ्या झुडपातून उठला. बयेने झेप घेतली ती थेट बर्फात, आणि मग पंख पसरून अशी बसली की जणू तिनेच ठरवून तसे केले. पत्नीचा चेहरा हलत नाही. पण ती खोल गेलेल्या आवाजात विचारते: वजन किती भरले होते? तो सांगतो. ती म्हणते, जास्त होते.

वाचकहो, या एका वाक्यात मला पुष्कळ दिसते. दिवसभर ती आजारी असते: जिला उठवायचे, भरवायचे, पुसायचे अशी. या घटकेला ती पुन्हा पत्नी होते. तिचे मत असते, ते बहुधा बरोबर असते, आणि नवऱ्याची चूक दाखवण्याचा जुना हक्क तिला परत मिळतो. दोघांनी घरातच बसून राहायचे ठरवले असते तर बोलायला उरले असते काय? गोळ्या, शौच आणि झोप. सेवा करणाऱ्याने सारे जग टाकून खाटेशी बसावे असे म्हणणारे विसरतात की आजाऱ्यालाही जग हवे असते, आणि ते त्याच्यापर्यंत कोणाच्या तरी बुटांना चिकटूनच यावे लागते.

परंतु या सगळ्या विवेचनात एक व्यक्ती आपण दारातच उभी ठेवली आहे. ती शेजारीण. तिच्यावाचून बाजदाराला न दीड तास आहे, न ससाणा, न नैतिक प्रश्न. आपल्या वसईच्या पट्ट्यात, मुंबईच्या उपनगरांत, कोकणात हाच खरा पेच आहे. एकत्र कुटुंबे फुटली. मुले आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात गेली. मागे उरलेल्या घरात एक आजारी आणि एक सेवा करणारा. त्याला वेळ घेण्याचा हक्क आहे की नाही यावर आपण पानेच्या पाने लिहू, पण हक्क हवेत लोंबकळत नसतो. एकाचा मोकळा तास हा दुसऱ्या कोणाचा तरी बांधलेला तास असतो. आजाऱ्याला भेटायला म्हणून आपण फळे घेऊन जातो, अर्धा तास बसतो, चहा पितो. म्हणजे ज्या बाईला क्षणाची उसंत नाही तिच्याकडून चहा करवून घेतो. ‘तुम्ही बाजारात किंवा चर्चमध्ये जाऊन या, तोपर्यंत मी इथे बसतो, गोळी किती वाजता द्यायची तेवढे सांगा’, असे म्हणणारा मला क्वचितच भेटला. आमच्या मंडळांच्या वार्षिक अहवालांत आजाऱ्यांच्या भेटींचे आकडे असतात. त्या घरातले कोणी किती तास बाहेर जाऊ शकले याचा रकाना कोणी आखलेला नाही.

गोळीची वेळ विचारणे, पावले थिजली तर ओढायचे नाही हे जाणून घेणे, ठसका लागला तर काय करायचे ते शिकून घेणे, ही शेजारणीची उमेदवारी झाली. तिच्यासाठी परीक्षा नाही, ऐंशी गुण नाहीत. पण पार्माची भीती कमी करण्याचा दुसरा उपाय मला तरी दिसत नाही.

मार्चमध्ये शिकारीचा हंगाम संपतो. पुढे पक्ष्याची पिसे गळण्याचे दिवस येतात. त्या काळात पुष्कळ बाजदार पक्षी ठेवून घेतात, आणि पुष्कळ जण सोडून देतात. रानात लाल शेपटीच्या ससाण्यांची निम्मी किंवा त्याहून अधिक पिले पहिल्या वर्षाच्या आतच मरतात. ज्याने माणसाच्या सोबतीने एक हिवाळा काढला आणि शिकार करायला शिकला, त्याने तो कठीण उंबरठा ओलांडलेला असतो. त्याला धरून ठेवण्याला तसे कारण उरत नाही. सोडण्याआधी काही दिवस त्याला पोटभर, अगदी नको म्हणेपर्यंत खाऊ घालतात. वजनाची वही बंद होते. पक्षी जड होतो, आणि जड पक्षी मुठीला जुमानत नाही हे ठाऊक असूनही हात आखडता घ्यायचा नसतो.

आपल्या बाजदाराने सोडायचे ठरवले आहे असे समजू. ठरवले दोघांनी, दिवस तिने निवडला, कारण वारा दक्षिणेकडून हवा होता. चाकांची खुर्ची मागच्या दारापर्यंत आणली आहे, गुडघ्यांवर घोंगडी आहे. त्याने पक्ष्याला मुठीवर घेतले, आणि पायातल्या वाद्या लहान कात्रीने एकेक करून कापल्या. घुंगरू काढून तिच्या मांडीवर ठेवले. मूठ उंच केली. पक्षी लगेच उडाला नाही. एक पाय वर ओढून घेतला, सारी पिसे फुलवून अंग झटकले, आणि मग अंगणापलीकडच्या ओक वृक्षावर जाऊन बसला. तिथे तो बराच वेळ बसला. ती दोघे पाहत राहिली. तिच्या हातातले घुंगरू कंपामुळे आपोआप किणकिणत होते. दोनच्या गोळीला अजून दहा मिनिटे होती.